शाळेतल्या सायकॉलॉजिस्ट बाई नक्की करतात काय? (लेकाच्या एलडी असेसमेंटच्या निमित्ताने)

अबोली_ठाणे (३ जुलै)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

लेक यंदा चौथीत गेला. इंग्रजी माध्यम. गेल्या आठवड्यात शाळेतून फोन आला, "सायकॉलॉजिस्ट मॅडमना तुम्हा दोघांना भेटायचंय." पोटात गोळाच आला. गेलो. बाईंनी त्याच्या तीन वह्या टेबलावर उघडून ठेवल्या होत्या. इंग्रजीत 'बिकॉज'चं स्पेलिंग एकाच पानावर तीन तऱ्हांनी. मराठीत मात्रा गळलेल्या, वेलांट्या शेजारच्या अक्षरावर गेलेल्या. गणितात वजाबाकी येते, पण एककाखाली दशक मांडलाय आणि उत्तर चुकलंय. बाई म्हणाल्या, "हुशार आहे, म्हणूनच बोलावलं. असेसमेंट करून घेऊ या, एलडी असू शकेल, म्हणजे अध्ययन अक्षमता."

घरी हाच मुलगा मी गोष्ट वाचून दाखवली की असे प्रश्न विचारतो की मला मागची पानं उलटावी लागतात. आरत्या सगळ्या तोंडपाठ. पण स्वतः धडा वाचायला बसला की पाच ओळी झाल्या न झाल्या तोच पाणी प्यायला उठतो. काल मला म्हणाला, "आई, अक्षरं दिसतात गं, पण तोंडात यायला उशीर लागतो."

सासूबाईंचं म्हणणं, "याचा बाबासुद्धा पाचवीपर्यंत धड वाचत नव्हता, झालाच ना इंजिनीअर?" नवरा गप्प आहे. मला दोनच गोष्टी कळून घ्यायच्या आहेत. असेसमेंटमध्ये काय करतात? आणि ती झाल्यावर वर्गात खरोखर काही बदलतं, की नुसता शिक्का बसतो?

---

खडूफळा (३ जुलै)

अबोलीताई, मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं मास्तर होतो. तुम्ही वह्यांचं वर्णन केलंत आणि माझ्या डोळ्यांपुढे एक मुलगा उभा राहिला. इतिहासाचा तास असला की अफझलखानाचा वध असा सांगायचा, की वर्ग श्वास रोखून ऐकायचा. परीक्षेत पेपर कोरा. मी त्याला आळशी म्हणायचो. हातावर छड्याही मारल्यात. सहावीत त्यानं शाळा सोडली. 'डिस्लेक्सिया' (वाचनातली अध्ययन अक्षमता) हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी, एका प्रशिक्षणात, आणि त्या दिवशी दुपारचं जेवण मला गेलं नाही.

तुमच्या मुलाच्या शाळेत वह्या उघडून बघणारं कुणी आहे. जा, करून घ्या.

---

घाटमाथा (३ जुलै)

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. हल्ली प्रत्येक मुलाला काही ना काही निघतंच. उपनगरांत क्लिनिकं उघडली आहेत, एका रिपोर्टचे हजारो रुपये घेतात, मग रेमेडियलचे, म्हणजे खास शिकवणीचे, दर तासाला वेगळे. काही पालक तर दहावीला जास्त वेळ मिळावा म्हणूनच सर्टिफिकेटच्या मागे असतात. मूल उशिरा वाचायला लागतं, एवढंच असतं पुष्कळदा. रोज अर्धा तास घेऊन बसा, वाचेल.

---

रानजाई (३ जुलै)

घाटमाथा, रोज अर्धा तास? मी लेकीला तीन वर्षं रोज दीड तास घेऊन बसले. दोघी रडायचो. शेवटी ती पुस्तक बघितलं की कपाटामागे जायची. 'घेऊन बसणं' हा उपाय असता तर महाराष्ट्रातल्या आयांनी हा प्रश्न कधीच संपवला असता.

---

तिसरा_तास (४ जुलै)

अबोलीताई, मी हेच काम करते. पुण्यात दोन शाळा बघते, अकरा वर्षं झाली. लांबण लागेल, पण सगळं सांगते.

मूल माझ्याकडे आलं की आधी डोळे आणि कान तपासून आणायला सांगते. ऐकून सोपं वाटतं, पण फळाच न दिसणारी मुलं मला अजून दर वर्षी भेटतात. मग मी त्या मुलाच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसते, एक-दोन तास. पाचवीतली एक मुलगी 'लक्ष नसतं' म्हणून माझ्याकडे पाठवली होती. वर्गात बसले तर दिसलं, बाई गणित तोंडी सांगत होत्या आणि हिच्या हातून दुसरा आकडा लिहून होईस्तोवर पहिला डोक्यातून जात होता. म्हणून ती शेजारणीच्या वहीत डोकवायची आणि त्यावरून ओरडा खायची. बाईंनी तेच गणित फळ्यावर लिहायला सुरुवात केली. पुढच्या चाचणीपर्यंत तक्रार निम्म्यावर आली. त्या मुलीची एकही चाचणी मी तोवर घेतली नव्हती.

चाचण्या त्यानंतर. दोन-तीन बैठकांत घेते, शक्यतो सकाळी. आधी बुद्धिमापन. आपल्याकडे मालिन यांची चाचणी पुष्कळ वापरतात, ती भारतीय मुलांसाठी नागपुरात बेतली गेली. मग वाचन, लेखन, गणित, ऐकून लक्षात ठेवणं. २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत यासाठी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा चाचणीसंच सांगितला होता. बुद्धी चांगली, शिकवणी झालेली, डोळे-कान ठीक, तरी वाचन मात्र वयाच्या मानानं फारच मागे, असं चित्र दिसलं की आम्ही अध्ययन अक्षमता म्हणतो. आठ वर्षांच्या आत हे नाव देत नाहीत, कारण लहान मुलं अक्षरं उलटसुलट करतातच.

आता तुमचा दुसरा प्रश्न. माझ्या रिपोर्टचं शेवटचं पान मी आधी लिहिते. वर्गशिक्षिकेनं सोमवारपासून काय करायचं, ते त्या पानावर असतं. तयारीशिवाय उभं करून मोठ्यानं वाचायला लावू नका. फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावण्याऐवजी छापील कागद द्या. विज्ञानाच्या उत्तरात शुद्धलेखनाचे गुण कापू नका. गणिताला चौकटीची वही द्या, एका चौकटीत एकच आकडा. पैसे यातल्या कशालाच लागत नाहीत. पण साठ मुलांच्या वर्गात बाईंना हे जमावं म्हणून मला त्यांच्याजवळ बसावं लागतं, त्यांचं ऐकावं लागतं. माझं निम्मं काम मुलांबरोबर चालतं आणि निम्मं शिक्षकांच्या खोलीत, चहाच्या सुट्टीत.

घाटमाथा, क्लिनिकांबद्दल तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. तीन पानांचा रिपोर्ट देऊन हात झटकणारे आहेत. पण बोर्डाच्या सवलतीचं सर्टिफिकेट खाजगी क्लिनिक देत नाही, ते सरकारी किंवा पालिकेच्या ठरलेल्या रुग्णालयातूनच मिळतं. आणि जास्त वेळाचं म्हणाल, तर ज्याला उत्तर येत नाही त्याला आणखी तासभर बसवलं तरी ते येत नाही. ज्याला येतं आणि हात मागे पडतो, त्याचाच त्या वेळानं फायदा होतो.

---

घाटमाथा (४ जुलै)

वर्गात जाऊन बसता हे माहीत नव्हतं. माझ्या पुतण्याच्या वेळी कुणी बसलं नव्हतं. तासाभरात चाचणी आणि हातात बिल. माझं मत त्यावरून झालं होतं.

---

मोरपीस (४ जुलै)

अवांतर: आपली देवनागरी 'जशी बोलतो तशी लिहितो' असं आपण अभिमानानं म्हणतो ना? 'सूर्यप्रकाश' शब्द घ्या. पहिला र उच्चारायचा य च्या आधी, काढायचा य च्या डोक्यावर. दुसरा र प च्या पोटात तिरकी रेघ होऊन बसलाय. 'किती' म्हणताना आधी क, मग इ. लिहिताना मात्र वेलांटी आधी. माझ्या भाचीनं एकदा विचारलं होतं, "मावशी, र ला स्वतःचं घर नाहीये का?"

---

रानजाई (४ जुलै)

मोरपीस 😄 आणि 'आचार्यांना जेवायला बोलवा' आणि 'आचाऱ्यांना जेवायला बोलवा' यात मोठ्यांचीही गडबड होते!

---

तिसरा_तास (४ जुलै)

अवांतर मुळीच नाही मोरपीस, हे मुद्द्याचंच आहे. इंग्रजीत एकाच अक्षराचे चार उच्चार, त्यामुळे मूल चुकीचं वाचतं आणि चटकन लक्षात येतं. मराठीत अक्षर आणि उच्चार पुष्कळसे जुळतात, म्हणून एलडी असलेलं मूलसुद्धा चौथी-पाचवीपर्यंत बरोबर वाचतं. फक्त फार हळू, अक्षर अक्षर जोडत. वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेलं असतं. 'वाचता येतंय की' म्हणून सगळे निर्धास्त राहतात. मी मराठी माध्यमात काम करताना चुकांच्या आधी मिनिटाला किती शब्द होतात ते मोजते. ध-घ, भ-म, थ-य या जोड्या आणि जोडाक्षरं त्यानंतर.

मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं 'डाली' नावाची साधनं केली आहेत, हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. पहिली-दुसरी आणि तिसरी ते पाचवी असे दोन टप्पे, शिक्षकांना चाळणीसाठी वापरता येतात. मराठी मुलाला इंग्रजी चाचणीवर तोलणं अन्यायाचं आहे. पहिली पिढी इंग्रजी शाळेत गेलेली असते, घरी कुणी ती भाषा बोलत नाही, आणि न वाचता येण्याचं कारण नुसतं तेवढंच असू शकतं.

---

टेम्सकाठ (६ जुलै)

इकडचा अनुभव. इंग्लंडमध्ये एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट बहुतेक स्थानिक काउन्सिलसाठी काम करतात आणि एकेकाकडे पुष्कळ शाळा असतात. हे पद जुनं आहे, लंडनच्या काउन्सिलनं १९१३ मध्ये सिरिल बर्ट यांना नेमलं तिथून सुरुवात. (बर्ट यांच्या जुळ्यांवरच्या आकडेवारीवर पुढे मोठा वाद झाला, तो वेगळाच विषय.) २०१४ च्या कायद्यानं मुलासाठी शिक्षण, आरोग्य आणि देखभाल असा एकत्र आराखडा मागता येतो. त्यात सायकॉलॉजिस्टचा सल्ला घ्यावाच लागतो, आणि एकदा झाला की गरज असेल तर वयाच्या पंचविशीपर्यंत चालतो. कायद्यात मुदत वीस आठवड्यांची. आमच्या मुलीचा हातात पडायला वर्षाच्या वर गेलं, तेवढ्यात तिचं एक आख्खं शालेय वर्ष सरलं.

पण बाई आल्या त्या दिवसाचं सांगतो. मुलीशी तासभर बोलल्या आणि वर्गशिक्षकाशी त्याहून जास्त. मला म्हणाल्या, "ती घरी मराठीत काय काय करते ते सांगा." मी सांगितलं की आजीबरोबर व्हिडिओ कॉलवर मनाचे श्लोक म्हणते. त्यांनी ते लिहून घेतलं आणि रिपोर्टमध्ये 'ऐकून शिकण्याची ताकद' या मथळ्याखाली घातलं. आजीला हे सांगितलं तेव्हा ती दोन दिवस आनंदात होती.

---

धानाचं_शेत (९ जुलै)

सगळे प्रतिसाद वाचले. आता आमच्याकडचं ऐका. मी भंडारा जिल्ह्यात शिक्षिका आहे. शाळेत सायकॉलॉजिस्ट वगैरे नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत गटसाधन केंद्रातून विशेष शिक्षक येतात, तालुक्याला मोजकेच. आमच्याकडे येतात ते सर जीव तोडून काम करतात, पण पावसाळ्यात नाला भरला की महिना महिना येऊ शकत नाहीत. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे प्राथमिकला एक विशेष शिक्षक, वरच्या वर्गांत पंधरांमागे एक. मी तो आकडा कापून टेबलाच्या काचेखाली ठेवलाय.

माझा खरा प्रश्न तिसरा_तास ताईंना. माझ्या वर्गात एक मुलगा आहे. गेल्या वर्षी बाप मजुरी बुडवून नागपूरला घेऊन गेला. बुद्ध्यांक ७८ निघाला. मतिमंद म्हणून सर्टिफिकेट नाही, कारण त्यासाठीच्या ७० च्या मर्यादेपेक्षा जास्त. एलडीचं नाही, कारण त्याला ८५ च्या वर लागतो. बाप मला कागद दाखवून विचारतो, "बाई, म्हणजे माझ्या पोराला काही झालंय की नाही?" मी काय सांगू?

---

तिसरा_तास (९ जुलै)

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. ही मधली मुलं माझ्याकडेही आहेत आणि कायद्यात त्यांना जागा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, अध्ययन अक्षमता त्यात पहिल्यांदा आली, फार मोठी गोष्ट झाली. पण ७० ते ८५ च्या मधलं मूल तेव्हाही बाहेर होतं, आजही आहे. याबद्दल मला फार राग आहे.

वडिलांना सांगा, "त्याला शिकता येतं, वेळ जास्त लागतो, आणि एका वेळी एकच गोष्ट शिकवावी लागते." सर्टिफिकेट नसलं म्हणून वर्गातल्या सवलती देऊ नका असं कुणी म्हटलेलं नाही. तोंडी परीक्षा घ्या. धडा निम्मा करा. नवी गोष्ट आज सांगितली तर उद्या, परवा आणि आठवड्यानं पुन्हा विचारा. भागाकार घेताना चिंचोके वाटायला द्या, कागदावर घाईनं येऊ नका. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी दर शनिवारी फोनवर आहे, त्याच्या एकेका विषयाचं आपण बसून ठरवू.

---

खडूफळा (९ जुलै)

धानाचं_शेत बाई, चिंचोक्यांसाठी पैसे नकोत, पोतंभर पाठवतो. पत्ता व्यनित द्या.

---

सुतारपक्षी (१५ जुलै)

मी एलडी असलेला मुलगा होतो. आता ३४ वर्षांचा आहे, नाशिकला फर्निचरचं वर्कशॉप आहे. हा प्रतिसाद बोलून टाइप करतोय, बायकोनं तपासलाय.

आठवीत कळलं. त्याआधी तीन शाळा झाल्या होत्या. तिसऱ्या शाळेतल्या सायकॉलॉजिस्ट बाईंनी पहिल्या दिवशी पुस्तक काढलंच नाही. विचारलं, "तुला काय करायला आवडतं?" मी त्यांच्या टेबलाचा खण अडकत होता तो काढून खालची पट्टी घासून बसवून दिली. त्यांनी ते रिपोर्टमध्ये लिहिलं. आईनं तो कागद अजून जपून ठेवलाय.

दहावीला लेखनिक मिळाला, नववीतला मुलगा. महाराष्ट्रात या सवलती १९९६ पासून आहेत, देशात पहिल्यांदा इथेच मिळाल्या. पण लेखनिकाला सांगून लिहून घेणं हीसुद्धा सरावानं येणारी गोष्ट आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. मी भरभर बोलायचो, तो मागे राहायचा. बाईंनी मग दिवाळीनंतर दर शनिवारी आम्हा दोघांना एकत्र बसवलं. वाक्य संपलं की मी टेबलावर बोट टेकायचो, तो लिहून झालं की टेकायचा. मार्चमध्ये पेपर वेळेत झाले.

अबोलीताई, एक नक्की लक्षात ठेवा. बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घ्यायची सवलत मी घेतली. पास झालो, पण सायन्सची वाट बंद झाली. भूमिती मला आली असती. आज रोज कोन मोजतोच की. तेव्हा घाईत निर्णय झाला. कुठलीही सवलत घेताना पुढं काय बंद होतंय ते आधी विचारा.

---

मोरपीस (१५ जुलै)

सुतारपक्षी, +१०००. खणाची गोष्ट वाचून डोळे भरले.

---

घाटमाथा (१६ जुलै)

पुतण्या आता सातवीत आहे. काल भावाशी बोललो. त्याच्या शाळेत सायकॉलॉजिस्ट आहेत, आम्ही कधी भेटलोच नव्हतो. सोमवारची वेळ घेतली आहे.

---

अबोली_ठाणे (२१ सप्टेंबर)

धागा वर काढतेय. सगळ्यांचे मनापासून आभार, एकेक प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला.

असेसमेंट झाली. तीन सकाळी. तर्क आणि शब्दसंग्रह वयाच्या पुढे, वाचन दुसरीच्या मुलाइतकं. बाईंनी रिपोर्ट हातात देऊन पाठवलं नाही. आम्ही दोघं, वर्गशिक्षिका, स्पेशल एज्युकेटर आणि बाई, पाच जण तासभर बसलो. नवरा रिपोर्ट वाचत होता, नेहमीसारखा सावकाश. शेवटच्या पानाशी थांबला आणि वर्गशिक्षिकेला म्हणाला, "मॅडम, मला अजून मीटिंगच्या आधी सगळं दोनदा वाचून जावं लागतं. ऑफिसात कुणाला माहीत नाही." लग्नाला तेरा वर्षं झाली, मला माहीत नव्हतं. बाई शांतपणे म्हणाल्या, हे पुष्कळदा घराण्यात असतं. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "हे मुलाला तुम्हीच सांगा, मी सांगण्यापेक्षा."

वर्गात काय बदललं ते सांगते, तोच माझा प्रश्न होता. चौकटीची वही आली. वाचायची वेळ आली की बाई त्याला परिच्छेद आदल्या दिवशी देतात, तो घरून तयारी करून जातो. पर्यावरणाचा पेपर तोंडी झाला. आठवड्यातून तीनदा अर्धा तास स्पेशल एज्युकेटरकडे जातो, तिथे रवा पसरलेल्या ताटात बोटानं अक्षरं काढतात आणि मोठ्यानं म्हणतात. सगळं सुरळीत नाही. पीटीचा तास बुडतो म्हणून चिडतो, आणि एका मुलानं 'रवावाला' म्हणून चिडवलं. त्यावर बाईंनी आख्ख्या वर्गाला एक दिवस रव्याचं ताट दिलं. आता सगळ्यांनाच हवंय.

रात्री बापलेक एकत्र वाचतात. एक ओळ हा, एक ओळ तो. कुणी अडखळलं तर दुसऱ्यानं थांबायचं, सांगायचं नाही, असा त्यांचा नियम आहे. सासूबाई शेजारी वाती वळत ऐकत बसतात.

पुढचं सर्टिफिकेटचं. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात एलडी क्लिनिक आहे, तिथे जायचं ठरवलंय. काय तयारी ठेवू?

---

तिसरा_तास (२१ सप्टेंबर)

अबोलीताई, 'आख्ख्या वर्गाला ताट' हे मी उद्याच माझ्या शाळेत करणार.

शाळेचं पत्र, सगळी प्रगतिपुस्तकं आणि याच वर्षीच्या वह्या न्या, जुन्याही असतील तर न्या. वह्या नीटनेटक्या करून नेऊ नका, आहेत तशाच दाखवा. २०१८ च्या तत्त्वांत चौदाव्या वर्षी आणि पुन्हा अठराव्या वर्षी तपासणी सांगितली होती, अठराव्याचं सर्टिफिकेट कायम राहायचं. म्हणून आजच्या रिपोर्टची प्रत वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. नियम बदलतात, जायच्या आधी क्लिनिकमध्ये एकदा विचारा. रांग असते, एकाहून जास्त खेपा होतील.

त्याला आधी सांगा की इथे पास-नापास नसतं. आणि सकाळी पोटभर खाऊ घालून न्या. भुकेल्या पोरांचं वाचन आणखी अडखळतं.

---

धानाचं_शेत (२२ सप्टेंबर)

चिंचोके पोचले, गुरुजी. काल भागाकार झाला.